आधी जाणाऱ्याचं पान

शकुबाई गेल्याचं करुणाला सेनगावहून येताना जीपमध्येच कळलं होतं. तेव्हापासून तिला माहीत होतं की कुणीतरी पुस्तकासाठी घरी येणार. दहा दिवस कुणी आलं नाही. अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, फाटकाची कडी वाजली. दारात शकुबाईचा धाकटा मुलगा हरीश उभा होता. डोकं भादरलेलं, त्यावर नवी पांढरी टोपी.

"येऊ का ताई?"

"या ना. बसा."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. त्यानं पाण्याचा तांब्या रिकामा केला. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिला.

"हे काका हायेत?"

"हो."

"काका कोट कवा घालत होते?"

"कधीच नाही," करुणा म्हणाली.

करुणाचे वडील भिवाजी मार्च महिन्यात गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी फोटो हवा होता म्हणून करुणानं पुस्तकातल्या त्यांच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून फ्लेक्सवाल्याला पाठवला होता. त्यानं भिवाजींना गोरं केलं, गालांवरच्या सुरकुत्या पुसल्या, मागचं पांढरं कापड काढून आभाळ घातलं आणि अंगात काळा कोट चढवला. वर गळ्यात लाल टाय. "साहेब वाटले पाहिजेत ना ताई," तो म्हणाला होता, आणि ते त्यानं इतक्या मनापासून केलं होतं की करुणाला काही बोलता आलं नाही. चाळीस वर्षं खाकी कपड्यात सायकल चालवलेला माणूस तेव्हापासून कोटात भिंतीवर होता. घरात तीच एकटी उरली होती, आणि जेवताना तिची पाठ त्या फोटोकडे असायची.

भिवाजी टपालवाले होते. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आसपासच्या बारा गावांत त्यांना ठाऊक नसलेलं दार नव्हतं. म्हणून तर अकरा वर्षांपूर्वी पुण्याचा एक फोटोग्राफर जिल्ह्यातल्या माणसांच्या चेहऱ्यांचं पुस्तक करायला आला, तेव्हा त्यानं निवृत्त झालेल्या भिवाजींनाच बरोबर घेतलं. दोन महिने दोघं हिंडले. माणसाला अंगणात बाजेवर बसवायचं, मागं पांढरी चादर धरायची आणि फोटो घ्यायचा, अशी त्याची पद्धत. चादर करुणाच्या घरची होती, एका कोपऱ्यात आईनं रफू केलेली. ती धरायचं काम भिवाजींचं. चादरीमागं ते पूर्ण झाकले जायचे, फक्त वरच्या काठावर बोटं दिसायची. एकीकडे चार, दुसरीकडे साडेतीन. लहानपणी कडबा कापताना उजव्या हाताच्या बोटाचं एक पेर गेलं होतं. फोटोग्राफरनं ती बोटं कुठल्याच फोटोतून काढली नाहीत. करुणाला तो माणूस तेवढ्यासाठीच आवडला होता.

पुस्तकाची एक प्रत भिवाजींना आली. जाड, गुळगुळीत कागद, पानाच्या दोन्ही बाजूंना एकेक चेहरा. करुणा शाळेच्या ग्रंथालयात काम करायची. तिनं त्या प्रतीला स्वतःच्या हातानं कव्हर घातलं.

दोन वर्षांनी नरसीची कमलबाई वारली. घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. भिवाजींनी कपाटातून पुस्तक काढलं, स्टीलची पट्टी ठेवली आणि दाढीच्या ब्लेडनं कमलबाईचं पान कापलं.

"बाबा, पुस्तक कापतं का कुणी!"

"टपाल हाय हे, करुणा," ते ब्लेड पुसत म्हणाले. "माझ्यापाशी राहून गेलेलं."

ती चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मुलांनी पानाचा कोपरा दुमडला तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. आणि इथं घरातच ही तऱ्हा.

पण पुढं कोणी गेलं की माणसं येतच राहिली, आणि भिवाजी पानं कापतच राहिले. अडचण एकच होती. एका पानावर दोन माणसं. मग त्यांनी नियम केला. आधी जाणाऱ्याचं पान. मागच्या बाजूचं माणूस नंतर गेलं, तर त्याच्या घरच्यांना भिवाजी सायकलवर डबलसीट घेऊन त्या दुसऱ्या घरी जायचे. फ्रेम खाली काढायची, उलटी करायची, सगळ्यांनी बघायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं. विहिरीच्या पाळीसारखा तो नियम गावोगावी मान्य होऊन गेला. कुणी भांडलं नाही. कापलेल्या पानाचा जो बोटभर काठ पुस्तकात उरायचा, त्याच्यावर भिवाजी पेन्सिलीनं नाव, गाव लिहायचे आणि खाली एकच शब्द: पोचले.

शकुबाईच्या मागच्या बाजूला भिवाजी स्वतः होते.

तो फोटो शेवटच्या दिवशीचा, शकुबाईच्याच अंगणातला. तिचा फोटो झाल्यावर फोटोग्राफर म्हणाला, काका, आता तुम्ही बसा. चादर धरायला कुणी नव्हतं. करुणा त्या दिवशी डबा घेऊन आली होती, तिनं धरली. वारा सुटला होता, चादर एका बाजूला कलली होती. समोर काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, फक्त शकुबाईचा आवाज आला.

"आता काहून लाजून राहिला रे भिवाजी? आमाला तर लई सांगत होता, मान वर कर, दात दाखव!"

"तुला दात व्हते तरी का दाखवायला?" भिवाजी म्हणाले, आणि त्याच क्षणी फोटो निघाला. त्या फोटोत भिवाजी तोंड भरून हसतायत आणि त्यांच्या डोक्यावर, कललेल्या काठावर, करुणाची आठ बोटं आहेत. बाप आणि लेक एकत्र असलेला दुसरा फोटो नव्हता.

तो नियम झाल्यापासून त्या दोघांची थट्टा चालली.

"पान माझं हाय बरं, भिवाजी."

"मग आधी जा की."

"जाते. तू जरा धीर धर."

मार्चमध्ये भिवाजींना अंगणात झाकून ठेवलं होतं, तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची शकुबाई काठी टेकत आली. बायकांनी वाट करून दिली. ती बराच वेळ वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "लबाडा. पान घेतलंस."

बाकीच्यांना वाटलं म्हातारीचं डोकं चळलं. करुणाला तेवढं एकच वाक्य त्या दिवसातलं अजून आठवत होतं.

आता हरीशनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"परवा तेरवी हाय. आईचा फोटो आधारकार्डावरचा तेवढा. त्यात ती चोरावानी दिसती. मला नियम ठाऊक हाय, ताई. काका आधी गेले. पान तुमचं. मी मागायला न्हाई आलो. फकस्त मोबाईलात काढून नेतो."

करुणाला सुटल्यासारखं झालं, आणि त्याची लाजही वाटली. तिनं कपाटातून पुस्तक आणलं. ते हातात घेतलं की आधी त्याचं हलकेपण कळायचं. जाड पुठ्ठे तसेच होते, आत पानं निम्मी. तिनं शकुबाईचं पान उघडलं. बाजेवर उकिडवी बसलेली म्हातारी, हात गुडघ्यांभोवती, डोळे बारीक केलेले, आता एखादं वाकडं बोलणार अशी. वर काठावर एकीकडे साडेतीन बोटं.

हरीशनं मोबाईल धरला. कागद चकाकत होता, बरोबर शकुबाईच्या तोंडावर खिडकी उमटली. त्यानं पुस्तक फिरवलं, तर त्याच्याच डोक्याची सावली पडली. तिसऱ्या वेळी कडा कापली गेली.

"ऱ्हाऊ द्या, आलाय बराबर," तो म्हणाला. "फ्लेक्सवाल्याला देतो. तो करतो सगळं नीट."

करुणानं वर भिंतीकडे बघितलं. टाय लावलेले भिवाजी आभाळात उभे होते. तिच्या डोळ्यांपुढे शकुबाई आली: गोरी, गुळगुळीत, अंगावर जरीची साडी, ओठ लाल. डोळ्यांतलं वाकडं बोलणं पुसून टाकलेलं.

"मी हिंगोलीहून चांगली प्रिंट काढून आणते," ती म्हणाली. "उद्या शाळा झाली की जाते."

"तुमी म्हणाल तसं, ताई." तो उठला नाही. पानावरच्या आईकडे बघत राहिला. मग सहज बोलल्यासारखा म्हणाला, "आमच्या घरी काकांचा कप यगळा व्हता. तुमाला ठाऊक आसंल."

तिला ठाऊक होतं. भिवाजींनी सांगितलं होतं, तेही एकदाच. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, त्या घरी टपाल द्यायला गेलं की चहा मिळायचा, पण ओसरीच्या कोनाड्यात पालथा घातलेला कप आपणच घ्यायचा, पिऊन झाला की आपणच विसळून ठेवायचा.

"आईनं फोडला तो," हरीश म्हणाला. "माझ्या देखत. म्या तवा पाच-सहा वर्साचा. म्हनली, हातातनं सुटला. आज्यानं दुसरा आणायला सांगितला, तर बाजारातनं येताना दर बारी इसरून यायची. मंग काका घरातल्याच कपात पिऊ लागले."

कप फुटल्याचं भिवाजींनी सांगितलं होतं. बाजारातून विसरून यायचं त्यांना बहुधा कधी कळलं नव्हतं.

करुणा आत गेली. भिवाजींच्या दाढीचं सामान मोरीतल्या फळीवर तसंच होतं. तिनं कागदातलं नवं ब्लेड काढलं, स्टीलची पट्टी घेतली.

"ताई, न्हाई, तसं न्हाई," हरीश उभा राहिला. "तुमचं हाय ते. काकांचा फोटो जाईल."

"माझ्या मोबाईलमध्ये आहे," ती म्हणाली. ते खरं होतं. मोबाईल बंद पडला की जाणारा, पण होता.

तिनं पान उलटून एकदा बघितलं. हसणारे भिवाजी, कललेली चादर, तिची बोटं. पुन्हा सुलटं केलं. खालच्या पानावर काप जाऊ नये म्हणून भिवाजी मधे लग्नपत्रिका घालायचे. तशी एक तिनं घातली, पट्टी दाबून धरली. पहिल्यांदा ब्लेड नुसतंच सरकलं, कागदावर रेघसुद्धा उठली नाही. दुसऱ्यांदा तिनं जोर दिला. हरीश खिडकीतून बाहेर बघत होता. पान सुटलं तेव्हा फारसा आवाज झाला नाही.

तेरवीला ती गेली. सोयाबीनला फुलं आली होती, वाट चिखलाची, जीपवाल्यानं फाट्यावरच उतरवलं. शकुबाईच्या घरी मांडवात पंगती चालल्या होत्या. ओसरीवर, जिथं पूर्वी कोनाडा होता, तिथं गिलावा केलेल्या भिंतीवर फ्रेम टांगली होती. हार जरा मोठा झाला होता, शकुबाईची हनुवटी त्यात बुडाली होती.

"आमच्या फ्रेमवाल्याशी भांडान झालं," हरीश तिला बाजूला घेऊन म्हणाला. "त्यो मागं पुठ्ठा ठोकून राहिला. म्हने पुठ्ठ्याबिगर पान वाकंल. म्या म्हनलं वाकू दे बाबा, पर काकाच्या तोंडावर खिळे न्हाई ठोकू द्यायचा. मागून बी काचच लावली."

शकुबाईचा दीर ग्यानबा खांबाला टेकून बसला होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून फ्रेम न्याहाळली.

"मागं तो टपालवाला हाय म्हन."

"व्हय, तात्या."

"आन् घरात लावला." तो थोडा वेळ तंबाखू मळत राहिला. "वयनीनं जित्यापणी कुणाचं आयकलं न्हाई, आता काय आयकती."

हरीशची बायको मंजुषा चहा घेऊन आली. ताटलीत एकसारखे सहा कप. एक ग्यानबानं घेतला, एक करुणानं.

"ताई," मंजुषा हळूच म्हणाली, "अधूनमधून फिरवून लावू का? काकाचा दिस आसंल तवा काका फुडं?"

करुणा फ्रेमकडे बघत होती. भिवाजींचं तोंड भिंतीकडे होतं. काच आणि गिलावा यांच्यात बोटभरही अंतर नव्हतं. तिला वाटलं, हो म्हणावं. आत्ताच फिरवा म्हणावं.

"नको," ती म्हणाली. "आजींना नाही आवडणार. त्या म्हणतील, पान माझं आहे."

मंजुषाला हसू आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"पण मी आले की काढून दाखवा," करुणा म्हणाली. "चहाच्या आधी."

"इचारायचं काय त्यात? तुमी या तर."

त्या दिवशी मात्र कुणी फ्रेम काढली नाही. हार होता, माणसं होती. करुणानं दोन घास खाल्ले आणि ती उन्हं उतरायच्या आत निघाली.

घरी आल्यावर तिनं स्टुलावर चढून कोटवाला फोटो खाली काढला आणि कपाटामागं उभा करून ठेवला. भिंतीवर खिळा आणि एक स्वच्छ चौकोन राहिला. मग पुस्तक घेऊन ती टेबलाशी बसली. पेन्सिल भिवाजींचीच होती, मागं चावलेली. उरलेल्या काठावर तिनं शकुबाईचं नाव, गाव लिहिलं. खाली लिहिलं: भिवाजी. थोडं थांबून, अक्षर शक्य तितकं त्यांच्यासारखं काढत: पोचले.

पान गेल्यामुळे आता तिथं एक अनोळखी गुराखी आणि कळमनुरीच्या बाजारातली बांगड्या विकणारी बाई समोरासमोर आले होते. दोघांच्याही डोक्यावर चादरीचा काठ होता आणि काठावर साडेतीन बोटं. तिनं त्या बोटांवर आपली बोटं ठेवून बघितली. कागद गार होता.

पुस्तक तिनं कपाटात ठेवलं, पट्टी आणि ब्लेड त्याच्या शेजारी, कुणी आलं तर शोधायला नकोत म्हणून. मग चहाला आधण ठेवलं. अर्धा कप पाणी. आता गावोगावचं आणखी एखादं माणूस जाईपर्यंत या फाटकाची कडी वाजायची नव्हती, आणि कुणी जावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं.