बोट बाहेर असताना

आमचा पब कुणा एकाचा नाही. अकरा वर्षांपूर्वी मालकाने त्याला टाळं ठोकलं, तेव्हा गावातल्या एकशे चाळीस जणांनी पदरमोड करून तो विकत घेतला. छप्पर आम्हीच दुरुस्त केलं, भिंती आम्हीच रंगवल्या, बारमागे पाळीपाळीने आम्हीच उभे राहतो. मी एलुनेड, पब चालवणाऱ्या मंडळाची अध्यक्ष. वय एकाहत्तर, आणि तोंड तिखट.

यंदा प्रेस्कॉट नावाचा बिल्डर आला. पब पाडून त्याला सुट्टीत येणाऱ्यांसाठी फ्लॅट बांधायचे होते. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत होकार द्या, नाहीतर मी निघालो, म्हणाला. त्याच दुपारी सभा भरली, तोही हजर होता. विकायच्या बाजूने आमचाच खजिनदार टेकविन होता. छप्पर पुन्हा गळतंय, म्हातारी माणसं हा गाडा किती दिवस ओढणार, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग येत होता.

मी मतं मागणार, तेवढ्यात लाइफबोटीचे पेजर वाजले, म्हणजे समुद्रात कुणीतरी अडकलं होतं. वेल्सच्या या किनाऱ्यावर पेजर वाजला की माणूस घास टाकून धावतो. बचावाच्या बोटीवर जाणारे आमचे सात जण खुर्च्या लोटून पळाले. सातही विक्रीच्या विरोधातले, आणि त्यांत टेकविनची मुलगी नेस्टा.

प्रेस्कॉटच्या चेहऱ्यावर टवटवी आली. सात मतं गेली म्हणजे आम्ही हरलोच, हे त्याला बरोबर कळलं होतं.

"चला बाई, घ्या मतं. साडेचार झालेत."

मी बारमागे गेले आणि बिअरच्या नळांवर फडकं टाकलं. बोट परत येईपर्यंत आमच्याकडे कुणी पीत नाही. भरलेला ग्लाससुद्धा तसाच राहतो.

"आणि मतंही नाहीत," मी म्हणाले.

"असं कुठल्या नियमात लिहिलंय?"

"कुठल्याच नाही. मी सांगतेय."

"गणसंख्या पूर्ण आहे! टेकविन, तुम्ही तरी सांगा यांना."

टेकविन उठला. नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं आणि प्रेस्कॉटचं खरं होतं.

"गणसंख्या आहे," तो म्हणाला.

"झालं तर मग!" प्रेस्कॉट सभेकडे वळला. "विक्रीला तयार असतील त्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही. सकाळी माझ्या तोंडावर 'विकून टाक गं बाई' म्हणणारेसुद्धा हाताची घडी घालून बसले होते.

"टेकविन? अहो, तुम्ही तर माझ्या बाजूने होतात ना?"

"अजूनही आहे, साहेब. उद्याही असेन. पण बोट बाहेर आहे. खाली बसा."

प्रेस्कॉट बसला नाही. पाचला पाच मिनिटं असताना कागद गोळा करून निघून गेला. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही, सगळ्यांचे डोळे खिडकीबाहेर लागले होते.

सातच्या सुमाराला सातही जण परतले. नेस्टाच्या केसांतून पाणी निथळत होतं.

"बाबा, काय झालं? विकला?"

"मतदानच झालं नाही," टेकविनने नळांवरचं फडकं काढून तिच्या हातात दिलं. "केस पूस. तुझं मत राहिलं होतं ना."