तीन इंच कमी पडले, ते माझ्यामुळे

एकाच बाईच्या गळ्यात बावीस वर्षं पडून राहायचं आणि तिने एकदाही हूं की चूं करायचं नाही, असं भाग्य कुणाला मिळतं? मला मिळालं. मी टेप. शिवणकामाची, कापडी, साठ इंचांची. दोन्ही टोकांना पितळी टोप्या, अंगभर काळे आकडे. चार, पाच आणि सहा आता पुसट झालेत, पण वयाचा मान ठेवा जरा.

जन्म कारखान्यातला. एका लांबच लांब पट्ट्यावर आकडे छापले आणि कचाकच कापून आम्हा बहिणींना वेगळं केलं. दुकानात खिळ्याला लटकले होते, तिथून मावशींनी मला उचललं. अख्खी गल्ली त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, "चालेल ही," म्हणाल्या आणि गळ्यात टाकलं.

मग काय, शर्ट, फ्रॉक, कोट, उशांचे अभ्रे! माणसं मी फार जवळून पाहिली. माप घेताना भलेभले पोट आत ओढतात. मावशी म्हणतात, "सोडा श्वास, जेवल्यावरही घालायचाय ना शर्ट?" त्यांच्या हातचा कपडा कधी परत आला नाही. "मावशींचं माप म्हणजे माप," असं लोक म्हणायचे आणि मी उगाच भाव खायचे.

एवढी वर्षं मशीन स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात होतं. येणारा-जाणारा त्याला धडकायचा. शेवटी सुनेने मागची अडगळीची खोली रिकामी केली आणि म्हणाली, "आई, ही तुमची शिवणाची खोली. जमीन आणि छत तुमच्याच पसंतीचं करू."

झालं, आमची वरात दुकानात! जमिनीवर अंथरायच्या व्हिनाइलचे रोल दुकानदाराने पुढे मांडले. लाकडाची नक्षी, संगमरवराची नक्षी, फुलं, चौकोन. मावशींनी पिशवीतून टाचण्यांची डबी काढली आणि प्रत्येक नमुन्यावर चार-चार टाचण्या टाकल्या.

"अहो, हे काय चाललंय?" दुकानदार दचकला.

"पडलेली टाचणी दिसायला नको? नाहीतर माझ्या नातीच्या पायात जायची."

नक्षीत टाचण्या गडप झाल्या. साध्या गडद हिरव्यावर मात्र लखलखल्या. हिरवा ठरला. छताला पांढऱ्या पट्ट्या, कारण पांढऱ्या छताखाली दोऱ्याचा रंग खरा दिसतो म्हणे.

"माप घ्यायला माणूस पाठवतो," दुकानदार म्हणाला.

"माप मी देते. तुम्ही फक्त कापा."

"बरं, मग चार बोटं जास्त ठेवतो."

"कशाला? मी लोकांचं कापड वाया घालवत नाही, तुमचंही घालवणार नाही."

घरी येऊन मावशींनी खडूच्या खुणा करत मला भिंतीलगत तीनदा लोळवलं. लांबी भरली चौदा फूट नऊ इंच. मग रुंदी घेतली. चिठ्ठी दुकानात गेली आणि त्याच मापाने माल कापून आला.

कारागिराने हिरवं व्हिनाइल अंथरलं. लांबीत तीन इंच कमी, रुंदीतही कमी. छताची पट्टी वर धरून पाहिली, तीही तीनच इंच कमी. दुकानात फोन केला, तर तो रंग संपलेला.

मावशी मशीनच्या स्टुलावर बसल्या.

"आई, तीन इंचांचं काय मनावर घेता?" सून म्हणाली.

"तीन इंच म्हणजे काय थोडे झाले? माझी नजर गेली गं. उद्या कुणाचा कोट बिघडवण्यापेक्षा मशीन देऊन टाक कुणाला तरी."

मशीन गेलं तर ही बाई दिवसभर करणार काय? आणि चूक त्यांची नव्हतीच! रोज ओढून ओढून मी सैल झाले होते, लांबले होते. मला ते ठाऊक होतं. लाज वाटत होती, आणि सांगायला तोंड नव्हतं.

कारागीर मात्र डोकेबाज. त्याने आपल्या स्टीलच्या टेपेने भिंत मोजली. बरोबर पंधरा फूट. मग मला उचललं आणि त्या टेपेच्या शेजारी सरळ ठेवलं. माझे साठ इंच संपले तिथे तिचे एकसष्ट झाले होते.

"आजी, तुमची नजर शाबूत आहे. ही बया वाढलीय! प्रत्येक खेपेला एक इंच, तीन खेपांना तीन."

मावशी वाकून बघत राहिल्या. "म्हणजे मी नाही चुकले?"

"नाही हो."

त्या जे हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पदर खोचून उठल्या. "बसलायस काय असा? कापड कमी पडलं तर आम्ही रडत बसतो का? काठ लावतो! सरकव ते मधोमध."

हिरवं मधोमध सरकलं आणि चारी बाजूंनी दुकानातल्या उरलेल्या पिवळसर तुकड्यांचा काठ बसला. छतालाही तसाच. खोली अशी सजली की दुकानदार स्वतः बघायला आला.

माझी मात्र रवानगी खणात, फुटक्या बटणांत. मावशींच्या गळ्यात नवी कोरी टेप आली. रुसून मी करणार काय! चूक माझीच होती.

महिन्याभराने टपालवाले काका नवा शर्ट घेऊन आले. "मावशी, बटण लावलं की जीव घुसमटतो हो!"

मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी मापांची वही काढली. वहीत छाती चाळीस. शर्ट मोजला, तोही चाळीस. मग एकदम कपाळावर हात मारला आणि खण उघडला. वहीतले चाळीस माझे होते, शर्टातले चाळीस नवीचे!

"मग घ्या की पुन्हा माप," काका म्हणाले.

"तुमचं घेईन हो. पण या वहीत दोनशे माणसं आहेत, सगळ्यांना रांगेत उभं करू?" असं म्हणून त्यांनी मला झटकलं आणि गळ्यात टाकलं.

म्हणून हात जोडून सांगते बाबांनो, घर मोजायचं असेल तर स्टीलची टेप घ्या, माझ्या नादी लागू नका. पण मला फेकायची भाषा कुणी करायची नाही. आधी त्या दोनशे जणांना विचारा. त्यांची छाती नेमकी किती, हे जगात फक्त मला ठाऊक आहे.