चाळीसपैकी चाळीस

भाचीचा मानसशास्त्राचा प्रयोग होता. रुंद पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओतायचं आणि बालवाडीतल्या चार वर्षांच्या पोरांना विचारायचं, पाणी वाढलं का? या वयात बहुतेक पोरं 'वाढलं' म्हणतात. मी आदल्या दिवशी गोळ्या वाटून सगळ्यांना 'तेवढंच' म्हणायला पढवलं. म्हटलं, जरा गंमत!

"मामा, चाळीसपैकी चाळीस बरोबर! सरांना कळवलंसुद्धा!" भाची नाचतच आली.

सरांपर्यंत गेलं म्हटल्यावर मी सगळं ओकून टाकलं. "पुन्हा घे की गं."

"पढवलेल्यांना पुन्हा काय विचारू?" ती खाली बसली. "आणि मी एकालाही 'कशावरून' विचारलं नाही, मामा."

तिने सरांना फोन लावला. "सर, चूक माझी आहे."

माझं नाव घेतलंच नाही. त्यापेक्षा कानफटात दिली असती तर बरं झालं असतं.