डागाळलेले अकरा कुरव

मी एक जुनी दुर्बीण आहे. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या एका निवृत्त गार्डाने मला इनुसभाईंना दिले. मित्रांनो, इनुसभाई धरणामुळे पसरलेल्या भीमेच्या फुगवट्यावर नाव चालवत. हिवाळ्यात दूरदेशचे पांढरे कुरव पक्षी येत. पाहुणे नावेतून शेव उधळत, कुरव डोक्यावर घिरट्या घालत आणि मी या गळ्यातून त्या गळ्यात फिरत असे. "इनुसभाईंची दुर्बीण खोटं सांगत न्हाई," असे गाव म्हणे. मला त्याचा अभिमान होता.

एके वर्षी कोंबड्यांच्या रोगाची बातमी आली. हौसरावांची कोंबड्यांची मोठी शेड काठालगतच होती. ते धावत आले.

"इनुसभाई, त्या पांढऱ्यात काही मळकट दिसत्यात. रोगट हायत का बघा."

इनुसभाईंनी मला डोळ्यांना लावले. पंखांवर तपकिरी डाग, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी, चोच फिकट. त्यांनी फक्त रंग पाहिला.

"व्हय हौसराव, पिसं बिघडल्यात. अकरा हायत."

"मग ठिवायची न्हाईत."

पक्षी जवळ यावेत म्हणून इनुसभाईंनी नावेतून शेव टाकली. हौसरावांची गोफण फिरताच मोठे कुरव दूर गेले. डागाळलेले तेवढे जवळच राहिले. माणसाचे भय त्यांना ठाऊक नव्हते. इनुसभाईंच्या छातीवर लटकून मी अकराही पडताना पाहिले.

मेलेले पक्षी काठावर आणले, तेव्हा तिथे मासळी विकणाऱ्या कुशाबाईंनी त्यातला एक उचलला.

"हात लावू नका, रोग हाय!" हौसराव ओरडले.

"मासळीत हात घालून म्हातारी झाले मी. मला कसला रोग?"

त्यांच्या जाळ्यात अडकून मेलेला एक पांढरा कुरव होता. तो त्यांनी शेजारी ठेवला.

"चोचीची जाडी बघा. कपाळाचा उतार, पायांची उंची, डोळ्यामागचा काळा ठिपका. समदं त्येच." मग त्यांनी पाठीवरची पिसे फुंकली. खाली मोठ्या कुरवांच्या पाठीसारखी नवी राखाडी पिसे फुटत होती. "ही औंदाची पिल्लं हायत. तुमच्या पांढऱ्या खिलार गाईचं वासरू तांबूस जन्मतं, तवा त्याला गोफण मारता का, हौसराव?"



सरकारी माणसे मेलेले पक्षी तपासायला घेऊन गेली. रोग निघाला नाही. इनुसभाईंनी मला पत्र्याच्या पेटीत टाकले, ते पुन्हा काढले नाही. आता माझ्या काचेवर बुरशी चढली आहे.

मित्रांनो, दुर्बीण कोरडी ठेवा आणि जरूर वापरा. पण "हा रोगट" असे म्हणण्याआधी चोच बघा, पाय बघा, अंगाची ठेवण बघा. त्या अकरांना पांढरे व्हायला आणखी एकच वर्ष हवे होते.