हळदीची तबकडी

आमच्या कॉलेजला परदेशाबरोबरचा संशोधन प्रकल्प मिळाला, तेव्हा सगळ्यात आधी गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर संस्थेचे अध्यक्ष होते, त्यांचे चिरंजीव होते, प्राचार्य होते आणि एका भलत्याच देशाचा झेंडा होता. जिनं तो प्रकल्प लिहिला ती मैत्रेयी कुठंच नव्हती. मी इथं इंग्रजी शिकवते आणि उरलेल्या वेळात सगळ्यांची इंग्रजी पत्रं दुरुस्त करते. फ्लेक्सवरचं स्पेलिंगही माझ्याकडूनच तपासून घेतलं होतं. झेंड्याबद्दल मला कोणी विचारलं नाही, आणि मीही मुद्दाम सांगितलं नाही.

मैत्रेयी यांत्रिकी विभागात आहे. तिचा विषय ट्रायबॉलॉजी, म्हणजे घासणं, झिजणं आणि वंगण यांचं शास्त्र. दोन वस्तू एकमेकींवर सतत घासल्या तर कोण किती झिजतं ते ती मोजते. लग्न झालेल्या बाईला हे कॉलेजात येऊन शिकायची गरज नाही, असं मी तिला म्हटलं तेव्हा ती खूप हसली. मग गंभीर झाली आणि जिनिंगबद्दल सांगू लागली.

जिनिंगच्या मशीनमध्ये सरकीपासून रुई वेगळी होते. तिथं चामड्याचा रोलर पोलादी पातीवर दिवसभर घासत राहतो, झिजतो आणि त्याची भुकटी हवेत उडते. मैत्रेयीची आई, रुखमाबाई, दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये हंगामभर मशीनमध्ये कापूस घालते. नाकाला पदर बांधते, पण पदरानं काय अडणार? हंगाम संपला तरी तिचा खोकला जात नाही. मैत्रेयीला चामड्याऐवजी दुसऱ्या कशाचा तरी, कमी झिजणारा रोलर शोधायचा होता आणि तो आईच्या जिनिंगमध्ये बसवून दाखवायचा होता. तिला एवढंच हवं होतं. बाकी सगळा पसारा त्यासाठी होता.

पण एवढ्यासाठी पैसे कोण देणार? एका तालुक्याच्या गावातल्या बायांच्या खोकल्याला कोणी पैसे देत नाही. जोडीला परदेशातली प्रयोगशाळा असेल तर मात्र देतात. मैत्रेयीनं स्लोव्हेनियातली एक संशोधक शोधली. तिचं नाव माया, आणि हे तिकडचंच नाव आहे, पण आमचे प्राचार्य श्रीकृष्ण सर तिला पहिल्याच दिवसापासून मायाताई म्हणू लागले. अट अशी होती की दोन्ही प्रयोगशाळांत सारखाच निकाल यायला हवा. तो आला तर दुसऱ्या टप्प्याचे पैसे मिळणार आणि रोलर खऱ्या मशीनवर चढणार.

दसऱ्यानंतर मैत्रेयीच्या एका रोलरनं कमाल केली. चाचणी साधी असते. पोलादाची तबकडी फिरते, रोलरचा तुकडा तिच्यावर दाबून धरलेला असतो आणि तो किती अडतो, किती झिजतो ते संगणक दाखवतो. हा तुकडा जवळजवळ झिजतच नव्हता. श्रीकृष्ण सरांनी कॉलेज डोक्यावर घेतलं. मैत्रेयी म्हणाली, पुन्हा तपासू. सर म्हणाले, चांगल्या बातमीला कशाला तपासायचं, आणि आलेख त्यांनी त्याच दिवशी पैसे देणाऱ्या समितीला, दिल्लीला पाठवला.

तिकडे मायाला मात्र तसं काही सापडेना. तिचा तुकडा मुकाट्यानं झिजत होता. पत्रं सुरू झाली. मी ती दुरुस्त करत होते, त्यामुळे मला कळत होतं की मायाचा सूर दर पत्रागणिक जास्त सभ्य होत चाललाय. परदेशी माणूस जास्त सभ्य झाला की काहीतरी बिघडलंय असं समजावं.

निधी देणाऱ्या समितीची बैठक जवळ आली होती. एके दिवशी मी अहवाल घेऊन प्रयोगशाळेत गेले, तर मैत्रेयी तिच्या प्रकल्प सहायकाला, प्राचीला, विचारत होती.

"दसऱ्यानंतरची पहिली चाचणी तूच लावली होती ना?"

"हो मॅडम."

"तबकडी ॲसिटोननं धुतली होती?"

प्राचीनं माझ्याकडे पाहिलं, मग तबकडीकडे. "धुतली नाई मॅडम. कोरड्या फडक्यानं पुसली."

"काहून?"

"सरांनी हळद-कुंकू लावलं होतं ना तिले. पूजेची हळद ॲसिटोननं कशी धुवाची मॅडम? मले भेव वाटलं."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. लेथ, संगणक, झेरॉक्स, तासाची घंटासुद्धा. श्रीकृष्ण सर स्वतः तिळाच्या तेलात बोट बुडवून हळद-कुंकू लावत फिरतात. ती तबकडी आरशासारखी चकचकीत, तिच्यावर त्यांनी जरा जास्तच लावलं. मीही तिथं होते, पेढा खाल्ला होता. मैत्रेयी नव्हती. ती आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती, दरवर्षी जाते तशी. जाताना यंत्राला कोणी हात लावू नका असं सगळ्यांना बजावून गेली होती. पण पूजा करणं म्हणजे हात लावणं असं आमच्याकडे कोणीच धरत नाही.

मैत्रेयी प्राचीवर रागावली नाही. तिनं तबकडी धुतली, नवा तुकडा लावला आणि यंत्र सुरू केलं. आलेख चढत गेला, चढतच गेला. तिचा तो नवा रोलर चामड्यापेक्षाही जास्त झिजत होता.

"म्हणजे हा आईच्या मशीनवर चढला असता तर अजून धूळ उडाली असती," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मग सांगून टाक. चूक झाली म्हण."

"सांगितलं की प्रकल्प संपला. अजून चार मटेरियल तपासायची राहिलीत मंजुषा, त्यातलं एखादं चांगलं निघेल. प्राचीची नोकरी जाईल. माझी पण प्रकल्पावरच आहे."

"दुसरीकडे जा. तुला कुठंही घेतील."

"जाऊ कशी? प्रकल्प चालू असेपर्यंत सोडणार नाही असं लिहून घेतलंय, आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं सरांच्या कपाटात आहेत."

माझीही त्याच कपाटात आहेत, त्यामुळे मी पुढं शहाणपणा शिकवला नाही.

ती सरांकडे गेली. मी सोबत गेले, कारण एकटीनं गेली तर सर काहीही बोलतील हे मला माहीत होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, हवेतल्या ओलाव्यामुळं फरक पडला असं सांगू. पूजेचं नाव काढू नका."

"पण सर, झालं तेच आहे."

"तुम्हाला पूजाअर्चा पटत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही कधी काही बोललो का? पण तुम्ही जाहीरपणे असं म्हटलं तर लोक त्याचा काय अर्थ काढतील याचा विचार करा."

मला इतका संताप आला की कान गरम झाले. प्रयोग बिघडवला यांनी, आणि सांगितलं तर ती जातीचा राग काढते असं होणार. मैत्रेयी उठून बाहेर आली. व्हरांड्यात म्हणाली, "आता गप्प राहिले तर आईच्या छातीत धूळ, आणि बोलले तर असं." मी तिचा हात धरला. दुसरं मला काय करता येणार होतं?

बैठक सरांच्या केबिनमधल्या मोठ्या पडद्यावर झाली. दिल्लीचे अध्यक्ष, आणखी दोघं, आणि एका चौकटीत माया. टिपणं घ्यायला मी होते, दाराशी प्राची उभी होती. सरांनी ओलाव्याचं भाषण सुरू केलं. मैत्रेयीनं त्यांना मध्येच थांबवलं आणि सगळं सांगितलं: खंडेनवमी, तेल, हळद, कोरडं फडकं, धुतलेल्या तबकडीवरचा नवा आलेख. तिनं काही गाळलं नाही. सर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले.

मायानं डोळे मिटून मान हलवली, ओझं उतरल्यासारखी.

मग दिल्लीचे अध्यक्ष कॅमेऱ्याच्या जवळ आले. "हळद?" ते म्हणाले. "हळद आणि तिळाचं तेल? आणि झीज एवढी कमी?"

"सर, ती भेसळ आहे. तो निकाल धरू नका असंच मी सांगतेय."

"अहो, हाच तर निकाल आहे!"

आणि मग ते थांबेचनात. परंपरागत ज्ञान, पर्यावरणपूरक वंगण, आपल्या पूर्वजांनी यंत्राला तेल-हळद उगीच नाही लावली. दुसरे दोघं माना डोलावू लागले. श्रीकृष्ण सरांचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका, कारण पूजा त्यांच्याच हातची होती. ते म्हणाले की हे आपल्या मनात कधीपासून होतं. माणूस इतक्या पटकन बदलू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"रोलरचं काय?" एकट्या मायानं विचारलं.

"रोलर बाजूला ठेवू," अध्यक्ष म्हणाले. "दुसरा टप्पा हळदीवर. मंजूर समजा."

"सर, हे जिनिंगच्या रोलरला लावता येणार नाही," मैत्रेयी म्हणाली. "कापसाला डाग पडतील."

अध्यक्ष मनापासून हसले. "मॅडम, आता कापसाचं कोण बोलतंय?"

मग ते म्हणाले की मुख्य संशोधक मैत्रेयीच राहील, कारण शोध तिचा. ती नको म्हणत असेल तर प्रकल्प इथंच बंद करावा लागेल. स्वीकारता का?

मैत्रेयीनं पडद्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग दाराकडे. प्राचीनं दोन्ही हातांनी ओढणीचं टोक घट्ट धरलं होतं. खरं बोलल्यावर माणूस सुटतो असं मला लहानपणापासून सांगितलं गेलंय. ही बाई खरं बोलली आणि आणखी आत अडकली.

"हो," मैत्रेयी म्हणाली.

रविवारी आम्ही दोघी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून दारव्ह्याला गेलो. रुखमाबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. माझ्यासाठी त्यांनी खुर्ची आणली, मैत्रेयी त्यांच्याजवळ खाली बसली.

"झालं का तुयं काम?" त्यांनी विचारलं.

"मंजूर झालं, माय."

"मंग नवं रोलर कवा येते? मी बायाइले सांगून ठेवलं हाय."

"रोलर नाई येत. त्याइनं हळदीचं काम देलं."

"हळदीचं?"

"तेल-हळद लावून लोखंड किती कमी झिजते, ते पाहाचं."

रुखमाबाईंनी थोडा विचार केला. "आपल्या मशीनले लावता येते का ते?"

"नाई. रुई डागाळते."

"मंग तू काय म्हनलं त्याइले?"

"हो म्हनलं."

रुखमाबाईंना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत आम्ही दोघी मेथीकडे बघत राहिलो. मी पाणी दिलं, ते प्यायल्या, आणि त्यांनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "मीबी दर साली हंगाम लागला का हो म्हनते. धूळ मलेबी दिसते ना. पन तू शिकून राह्यली होती, म्हनून तुयासाठी म्हनत गेली." मग त्यांनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. "तू कोनासाठी म्हनलं, पोरी?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मैत्रेयी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडायला लागली.