पिल्लाची आई गावाला गेलीय

पाळण्यातला खुळखुळा फरशीवर पडला आणि दुपारची शांतता मोडली. माझी तान्ही बारकी उठली नाही. उठले ते आमचे सासरे, आप्पा.

"चला, यवतला. पिल्लू आजच आणायचं."

आप्पा म्हणजे जनावरांतले दर्दी. शेळी घ्यायची तर आधी दात, मग कास, मग तिच्या आईनं किती दूध दिलं इथवर चौकशी. लॅब्राडोर मात्र मोबाइलवरच्या फोटोवर पसंत. गळ्यात लाल रिबीन होती, आणखी काय बघायचं?

आदल्या रविवारी शिरूरला अकिलाभाभींकडे गेलो होतो. त्यांनी पिल्लांची आई समोर आणली, लशींची वही दाखवली आणि वर आम्हालाच विचारलं, दिवसा घरी कोण असतं? साखळीला बांधून ठेवणार का? शिवाय दोन महिन्यांचं झाल्याशिवाय पिल्लू मिळणार नाही. आप्पा तिथून तडक उठले. "कुत्रं घ्यायला आलोय, सोयरीक जमवायला न्हाई!"

यवतचा मच्छिंद्रशेठ भला माणूस. एक प्रश्न नाही. चहा, बिस्किटं, वर इंग्रजी सर्टिफिकेट. पिल्लू त्यानं माझ्या थोरलीच्या, म्हाळसाच्या मांडीवर ठेवलं. ते तिचं बोट चोखायला लागलं.

"किती दिवसांचं?" मी विचारलं.

"पंचेचाळीस, ताई."

"तोंडात एक दात नाही."

"भारी जातीला उशिरा येत्यात."

"आणि आई कुठंय त्याची?"

"ती व्हय... गावाला गेलीय."

"माहेरी का?"

आप्पा खोकले. तेवढ्यात मागच्या पत्र्याआडून कण्हणं आलं. मी उठून पत्रा सरकवला.

गावाला गेलेली आई पिंजऱ्यात होती. बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि सड लोंबून जाळीला घासून सोललेले. ती भुंकली नाही. मागोमाग आलेल्या म्हाळसाच्या हातातल्या पिल्लाचा वास आला तशी शेपूट हलवली फक्त. माझ्या अंगावरचं दूध एकदम भरून आलं. घरी बारकी उठली असणार.

आप्पा वाकले. बाजारात बघतात तसं तिच्याकडं बघत राहिले.

"शेळी असती तर दाव्याला हात लावला नसता मी," ते म्हणाले. मग मच्छिंद्रशेठकडं न बघताच, "पिल्लू ठेव, बाळा. अकिलाभाभींकडं जाऊ. दोन महिने तर दोन महिने."

मी मनातल्या मनात जिंकले होते. म्हाळसानं पिल्लू शहाण्यासारखं जाळीपाशी ठेवलं. पण उठली नाही.

"आई, पिल्लाला न्यायला सगळी येतात. हिला न्यायला कोण येणार?"