आठ आणि आठ दहा

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून नाना दुपारी एकच खेळ खेळायचे: हातात मावणाऱ्या जुन्या कन्सोलवरचा, विटांचा. ओळ भरली की आठ गुण. एक दिवस त्या कन्सोलचा पडदा कायमचा काळा झाला. नानांनी तो उघडला, डोळ्याला भिंग लावलं आणि हात टेकले.

“काळजी नको,” थोरला म्हणाला. “संगणकाला या यंत्राचं सोंग घ्यायला लावू. एम्युलेटर लिहू. महिन्याभराचं काम.”

थोरला आणि धाकटी, नानांची दोन्ही मुलं प्रोग्रॅमर. यंत्राला कळणाऱ्या पाचशे आज्ञांचा तक्ता थोरल्याने जुन्या कागदांवरून उतरवला आणि धाकटीने तो जसाच्या तसा कोडमध्ये घातला. आधी पायथन या संगणकाच्या भाषेत. विटा अशा खाली यायच्या, की जणू कुणी त्यांची समजूत काढतंय. दुसरी ओळ भरायच्या आतच नानांना डुलकी लागली.

मग सगळं सीमध्ये. वेग आला, पण गुण चुकायला लागले.

“सीमध्ये मेमरीचा भरवसा नाही,” थोरल्याने निदान केलं. “काहीतरी पुसलं जातंय.”

“मग कुठे ते शोधूया ना!”

“शोधत बसण्यापेक्षा रस्टमध्ये लिहू. ती भाषा असल्या चुका करूच देत नाही.”

धाकटीने सहा रविवार, ओळीओळीला चुका काढणाऱ्या रस्टच्या कम्पायलरची बोलणी खाल्ली. सातव्या रविवारी खेळ चालू झाला. गुण चुकलेलेच.

थोरल्याने हनुवटी खाजवली. “मला वाटतं, झिग नावाची एक भाषा आहे...”

“दादा!” धाकटी उठून उभीच राहिली. “नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. तू तर दर महिन्याला माझ्याकडून नवं अंगण सारवून घेतोयस!”

“इकडे बघा जरा,” नाना म्हणाले. इतका वेळ ते शांतपणे खेळत होते. “हा चुकतो, पण मनाला येईल तसा नाही. पहिल्या ओळीला आठ. दुसरीला दहा. दर वेळी हेच. घड्याळ रोज पाच मिनिटं मागे पडत असेल तर वरची डबी बदलून काय होणार? चाकाचे दाते मोजायला हवेत.”

“आठ आणि आठ दहा?” धाकटीने कागद ओढला. यंत्र आतून दहाऐवजी सोळाचा गठ्ठा करून मोजतं. आठात आठ मिळवले की एककाच्या जागी शून्य उरतं आणि हातचा एक पुढे जातो. तो हातचा यंत्राने लक्षात ठेवला तरच ते सोळा आणि दहा यांतला सहाचा फरक त्यात मिळवणार आणि पडद्यावर सोळा उमटणार, नाहीतर नुसतं एकावर शून्य, दहा.

तिने तक्ता काढला. बेरजेच्या ओळीत, हातच्याच्या रकान्यात थोरल्याची फुली. मूळ कागदावर तिथे बरोबरची खूण होती. तिन्ही भाषांनी ती फुली इमानेइतबारे पाळली होती.

“हातचा घ्यायचा राहिला,” नाना म्हणाले. “इयत्ता दुसरीतली चूक.”

दुरुस्तीला एक मिनिट लागलं. आठ, सोळा, चोवीस.

“पण रस्टमुळे कोड किती स्वच्छ झाला बघ,” थोरला हळूच म्हणाला.

धाकटी स्वयंपाकघरात गेली. दोन पेले पाणी प्यायली आणि जिभेवर आलेलं सगळं खाली उतरेपर्यंत तिथेच उभी राहिली. परत आली तर नानांचे एकशे चव्वेचाळीस झाले होते आणि थोरला त्यांच्या खुर्चीशी उकिडवा बसून ओरडत होता, “डावीकडे, नाना, डावीकडे!”

“तू गप्प बस,” नाना म्हणाले आणि त्यांनी वीट उजवीकडे टाकली.